आत्याच्या खुर्च्या

माझी आत्या चौतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या चादरींच्या खोलीत कामाला होती. इस्पितळात अशी एक खोली असते हे रुग्णांना माहीत नसतं आणि डॉक्टरांना आठवत नाही. तळघरात, धुलाईच्या शेजारी, छतापर्यंत मांडण्या. त्यांत चादरी, अभ्रे, ब्लँकेटं, शस्त्रक्रियेची हिरवी कापडं. सकाळी वॉर्डातून माणूस यायचा आणि म्हणायचा, "सात नंबर, बावीस खाटा." आत्या बावीस चादरी आणि बावीस अभ्रे मोजून द्यायची. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच मळक्या मोजून परत घ्यायची. एखादी कमी भरली तर स्वतः वॉर्डात जाऊन गाद्यांच्या खाली हात घालून पाहायची. चौतीस वर्षांत तिच्या खोलीतली एक चादर हरवली नाही, असं ती सांगायची. ही फुशारकी नव्हती, कारण फुशारकी मारायला लागतो तो आवाज तिच्याकडे नाहीच.

ती उंचीला इतकी कमी की वरच्या मांडणीसाठी तिला दोन पायऱ्यांचं स्टूल लागायचं. माझे बाबा तिचे थोरले भाऊ. ते तिला अजून "चिमे" म्हणतात. ती त्यांना दादा म्हणते. आई तिला वन्सं म्हणते आणि त्या एका शब्दात चौतीस वर्षांचं प्रेम, वैताग आणि सवय असं सगळं कोंबते. आजी गेली तेव्हा आत्या सव्वीस वर्षांची होती. लग्न जमत होतं, मोडत होतं, मग जमायचंच बंद झालं. बाबा म्हणाले, "माझ्याकडे राहायचं, चर्चा नको." ती एक ट्रंक घेऊन आली. मी त्याच्या पुढच्या वर्षी जन्मले. म्हणजे माझ्या आठवणीत घर आहे तेव्हापासून आत्या आहे. मी अजून त्याच घरात राहते, माझं लग्न व्हायचंय, आणि त्यावर इथेही चर्चा नको.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या महिन्यात आत्याने जेवताना आम्हाला वाढता वाढता सांगितलं, "मी दोन खोल्या घेतल्यात. पुलाच्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर."

"कोणासाठी?" बाबांनी विचारलं.

"माझ्यासाठी."

बाबांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "माझ्या घरात काय कमी होतं तुला?"

आत्या म्हणाली, "काही नाही रे, दादा."

हे उत्तर खरं होतं, आणि नेमकं तेच बाबांना झोंबलं. काही कमी असतं तर ते भरून काढता आलं असतं. भांडण असतं तर भांडता आलं असतं. बाबा पाणीखात्यात कारकून होते. तक्रार आली की अर्ज घ्यायचा, नंबर टाकायचा, माणूस पाठवायचा, यात त्यांची हयात गेली. तक्रारच नाही आणि तरी माणूस चाललंय, याचा अर्ज कुठल्या खिडकीवर घ्यायचा? लोक म्हणतील भावाने म्हातारपणी बहिणीला बाहेर काढलं, असं ते दोन दिवस बोलत राहिले. तिसऱ्या दिवसापासून तिच्याशी बोलणं बंद केलं. आत्या ट्रंक घेऊन गेली तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटत नव्हते.

मी तिला खासगीत विचारलं होतं, का जातेस? तिने थोडा विचार केला. म्हणाली, "इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खाटांवर चादरी घातल्या. एकदा आपल्या खाटेवर घालून बघावी म्हटलं." मग स्वतःच हसली, कारण तिला स्वतःची खाटही नव्हती. आमच्याकडे ती दिवाणखान्यातल्या दिवाणावर झोपायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तो आवरायची.

तर खाटेपासून सुरुवात झाली. आणि इथून माझ्या रविवारांची वाट लागली.

आत्याला नवीन काही नको होतं. पैसे नव्हते असं नाही, तिला नव्या फर्निचरवर विश्वासच नव्हता. "जुन्या लाकडाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं," ती म्हणायची. "वाकायचं ते वाकलं, तडकायचं ते तडकलं. नवीन अजून काय रंग दाखवेल, कोणी सांगावं?" जुन्या सामानाची गल्ली तिच्या घरापासून वीस मिनिटांवर होती. दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांतलं सामान फुटपाथवर, फुटपाथवरचे लोक रस्त्यावर. कपाटांवर कपाटं, त्यांवर उलट्या खुर्च्या, पाय वर करून. कुठे बंद पडलेल्या हॉटेलची टेबलं, कुठे एखाद्या वकिलाचं अख्खं ऑफिस, कुठे नुसतेच आरसे, ज्यांत आपण गल्लीभर आपलीच पाठ पाहत चालायचं.

आत्याची खरेदी करायची रीत इस्पितळातून आलेली होती. पिशवीत एक जुनी पांढरी चादर असायची, चौकोनी कापलेली. वस्तू आवडली की ती चादर खाली अंथरायची, खुर्ची किंवा खाट तिच्यावर ठेवायची आणि प्रत्येक पायावर मुठीने चार ठोके मारायची. मग वस्तू बाजूला करून चादरीकडे पाहायची. पांढऱ्यावर बारीक पिवळट भुगा दिसला की संपलं. लाकूड आतून पोखरलंय. त्यानंतर केसातली पिन काढून सांध्यांत फिरवायची. ते ढेकणांसाठी. "ढेकूण एकदा घरात आला की भाडं न देता राहतो," हे तिचं आवडतं वाक्य. दुकानदार आधी चिडायचे, मग हसायचे, मग तिसऱ्या रविवारी तिला बघितलं की आपणहून म्हणायचे, "बाई, ते कपाट नका बघू, त्यात आहेत."

किमतीवर ती कधी वाद घालायची नाही. पण खाटेचा एक खिळा बदलून द्या, खण सरकत नाही त्याला मेण लावून द्या, यासाठी तासभर उभी राहायची. असं करत करत खाट झाली, कपाट झालं, भिंतीवरची मांडणी झाली. कपाटाला किल्ली होती. ती किल्ली तिने मला दोनदा दाखवली.

साडेतीन महिने गेले. आई दोनदा जाऊन आली, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको जाऊन आले, मी तर पडीकच असायची. बाबा गेले नाहीत. दर आठवड्याला आत्या माझ्याबरोबर निरोप पाठवायची, "दादाला घेऊन ये ना जेवायला." बाबांकडे दर आठवड्याला नवं कारण तयार असायचं. एकदा सर्दी, एकदा कोणाचा तरी फोन येणार होता, एकदा तर म्हणाले की गॅसचा माणूस येणार आहे. एकदा त्यांची कारणं संपली आणि ते वैतागून म्हणाले, "माझे गुडघे हे असे. मला जमिनीवर बसता येत नाही. तिच्याकडे बसायला तरी आहे का काही? सगळ्या परक्यांच्या जुन्या खाटा आणून ठेवल्यात म्हणे."

माझी चूक अशी की हा निरोप मी जसाच्या तसा पोचवला. फक्त खाटांचं गाळलं.

आत्याने तो शब्दशः घेतला. तिच्या डोळ्यांत एकदम काम आलं. "खरंच की," ती म्हणाली. "खुर्चीशिवाय तो बसेल कसा? माझंच चुकलं. चल, टेबल बघू." मला कळत होतं की बाबांच्या मनात गुडघे नाहीत, दुसरंच काहीतरी आहे. पण तिला उमेद आली होती आणि मला ती मोडायची नव्हती. टेबल-खुर्च्या आल्या की दादा येईल, एवढं साधं गणित तिने मांडलं, आणि त्या दिवसापासून प्रत्येक रविवार त्या एका गोष्टीसाठी खर्च झाला.

टेबल लवकर मिळालं. गोल, सागवानी, मधोमध एकच जाड पाय. एका नोटरीच्या ऑफिसातून आलेलं, वर शाईचा एक डाग होता. दुकानदार, ज्यांना गल्लीत सगळे चष्मेवाले म्हणत, ते म्हणाले, "सहा माणसं आरामात बसतील." त्या खोलीत ते टेबल म्हणजे नाकापेक्षा मोती जड, पण आत्याने पाठ टेकून, पावलं टाकून जागा मोजली होती. फिरायला दोन वीत उरत होत्या. तिला तेवढ्या पुरतात.

खुर्च्यांना मात्र सहा रविवार लागले. एकसारख्या खुर्च्यांचा संच घेऊन मोकळं व्हावं असं मी म्हटलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सगळ्या वॉर्डांना एकाच मापाचे कपडे घाला म्हणाले. "सगळे एकसारखे बसतात का?" ती म्हणाली. आणि मग तिने सांगितलं. दादाची बैठक उंच हवी, पाठ सरळ हवी, म्हणजे उठताना गुडघ्यावर भार येत नाही. वहिनी एक पाय वर घेऊन बसते, तिला रुंद हवी. धाकटा मागच्या दोन पायांवर झुलतो, त्याला जड हवी, नाहीतर एखाद्या दिवशी उताणा पडेल. मी पाठ वाकवून बसते, मला कमरेशी आधार हवा. सुनेचे पाय लांब, तिला टेबलाखाली आडवी फळी लागता कामा नये.

आम्ही कसे बसतो हे तिला इतकं पाठ होतं याचं मला कौतुक वाटलं. फक्त कौतुकच वाटलं.

बाबांची खुर्ची एका बंद झालेल्या वाचनालयातली. आईची वेताची, पण वेत नव्याने विणलेला. तिच्या भोकाभोकांतून आत्याने पिन फिरवली. धाकट्याची लोखंडी चौकटीची, उचलताना हातगाडीवाला पुटपुटला. माझी कुठल्याशा टायपिंग क्लासची. सुनेची चष्मेवाल्यांकडे सापडली, उभ्या पट्ट्यांची, हलकी, देखणी. पण ती जोडी होती, आणि चष्मेवाले जोडी फोडायला तयार नव्हते.

"बाई, या गल्लीत जोडी फोडत नाही कोणी. एक विकली की दुसरी पडून राहते. दोन्ही घ्या, दुसरी निम्म्यात देतो."

"दुसरीचं काय करू?"

"टेबल माझ्याकडूनच नेलंत ना? सहा बसतात त्याला."

"पाच आहेत," आत्या म्हणाली आणि बोटांवर मोजून दाखवलं. "दादा, वहिनी, ही, धाकटा, त्याची बायको. पाच." तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजणं हा माझा धंदा आहे. माझी मोजणी चुकली तर माणसाला चुकीचं औषध मिळेल. तर ही मी, त्या दुकानात उभी राहून, पाच आहेत म्हणून मान डोलावली.

आत्या तासभर तिथे बसली. चष्मेवाल्यांनी शेवटी हात जोडले आणि जोडी फोडली.

बसायला नाही, हे कारण आता बाबांना उरलं नव्हतं. आईनेही त्यांना सुनावलं, "वन्संनी तुमच्या गुडघ्यांसाठी सहा रविवार पायपीट केलीय. आता नाही आलात तर मी तिकडेच राहायला जाते." बाबा आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, म्हणजे परक्याकडे जाताना घालतात तसा. जिन्यात तीनदा थांबले. दार आत्याने उघडलं.  ती म्हणाली, "ये. तुझी ती खिडकीजवळची."

बाबा बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की खुर्ची त्यांना नेमकी बसली आहे आणि ते त्यांना कबूल करायचं नाहीये. त्यांनी हाताने बैठकीची कड चाचपली, पाठ टेकली, पुन्हा टेकली. आईने बसल्या बसल्या एक पाय वर घेतला. धाकटा झुलला आणि खुर्ची हलली नाही, तेव्हा आत्या समाधानाने हसली. ताटं मांडलेली होती. आत्या वाढायला लागली. बाबा भाजी खाऊन म्हणाले, "मीठ बरोबर आहे." पाच महिन्यांनंतर तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. आत्याने त्यांना पुन्हा भाजी वाढली, नको म्हणेपर्यंत.

सगळं छान चाललं होतं. मग धाकट्याची बायको म्हणाली, "आत्या, तुम्ही बसा ना आता." ती आमच्याकडे येऊन वर्षच झालंय. मान वळवून ती जागा शोधत होती. "तुमची खुर्ची कुठाय?"

"बसते, बसते. तुमचं होऊ दे," आत्या म्हणाली. आणि मग तीही मान वळवून बघायला लागली.

तिने बोट पुढे करून मोजलं. चादरी मोजायची तसं, ओठ हलवत. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच खुर्च्या, पाचही भरलेल्या. पुन्हा मोजलं. तिच्या चेहऱ्यावर गोंधळ होता, एखादी चादर कमी भरल्यावर व्हायचा तसाच. "पाच बरोबर आहेत की," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "अगं बाई."

धाकटा हसायला लागला. "आत्या, स्वतःच्याच घरात स्वतःला मोजायला विसरलीस?" त्याचं हसू मध्येच विरलं, कारण दुसरं कोणी हसलं नाही.

आमच्या घरी जेवणाचं टेबल चार खुर्च्यांचं आहे. बाबा, आई, मी, धाकटा. आत्या वाढायची. मग ओट्याजवळ उभी राहून जेवायची, ताट हातात, कोणाला काय हवं यावर डोळा. तिला कोणी उभं राहा म्हणालं नव्हतं. बस असंही कोणी म्हणालं नव्हतं. धाकट्याचं लग्न झालं तेव्हा आम्ही पाचवी खुर्ची आणली, ती सुनेसाठी. दुकानात ती निवडायला आत्याच गेली होती. हे सगळं मला माहीत नव्हतं असं नाही. रोज डोळ्यांसमोर होतं. मी पेशी मोजून घरी यायची, त्या टेबलाशी बसायची आणि तिच्याकडे ताट पुढे करायची. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण अंधाराचं नाव पुढे करून सुटता येत नाही. लाज वाटली, आणि ती अजून वाटते. इस्पितळात खाटा मोजायच्या, चादर आणणाऱ्या बाईला मोजायचं नसतं. ती तेच घरी करत होती, आणि आम्ही तिला करू देत होतो.

बाबा ताट घेऊन उठले. "बस," ते म्हणाले.

"अरे, तुझे गुडघे—"

"चिमे, बस म्हणतो ना."

ती बसली, म्हणजे खुर्चीच्या कडेवर टेकली. ती खुर्ची बाबांच्या मापाची, उंच. तिचे पाय जमिनीवरून चार बोटं वर लोंबत राहिले. बाबा ओट्याजवळ उभे राहून जेवले. त्यांना जमत नव्हतं. ताट धरायचं की भात कालवायचा हे सुचत नव्हतं, आणि एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर भार देत होते. आत्याने चार घास खाल्ले आणि पाणी आणायच्या निमित्ताने उठली. मग परत बसलीच नाही. बाबा हात धुऊन सगळ्यांच्या आधी जिना उतरले.

आत्या मला दारात म्हणाली, "रुसला परत. इतक्या दिवसांनी आला होता, आणि मी ही अशी." ती ओढणीची कड पिळत होती. "माझ्याच हाताने घालवलं बघ." मी तिला काही समजावू शकले नाही, कारण बाबांच्या मनात काय होतं ते मलाही कळलं नव्हतं.

दोन दिवस बाबा घरात कोणाशीच बोलले नाहीत. जेवताना ओट्याकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर चपला घालून तयार बसलेले. "ते जुन्या सामानाचं दुकान कुठे आहे?"

परक्यांच्या खाटांवर पाच महिने तोंडसुख घेतलेला माणूस त्या गल्लीत शिरला तेव्हा मला खरं तर टोमणा मारायचा होता. मारला नाही. आधी चष्मेवाल्यांकडे गेलो. फोडलेल्या जोडीतली दुसरी खुर्ची कधीच गेली होती. "पडून राहील म्हणालो होतो, तर दुसऱ्याच दिवशी एक बाई घेऊन गेली," चष्मेवाले म्हणाले. बरंच झालं. सुनेच्या मापाची खुर्ची आत्याला काय कामाची?

बाबांना लाकडातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी त्यांची रीत काढली. "तू जवळजवळ तिच्या उंचीची आहेस," ते मला म्हणाले. "बस." मी बसले. ते पुढे उकिडवे व्हायला गेले, गुडघ्यांनी नकार दिला, तर कमरेत वाकून माझ्या पायांकडे बघायला लागले, टाचा टेकतात की नाही. नाही टेकल्या. पुढची. पुढची. त्या संध्याकाळी मी अकरा खुर्च्यांवर बसले. लोक बघत होते. चष्मेवाल्यांनी एक बिनहाताची बसकी खुर्ची काढली, तिच्यावर माझ्या टाचा टेकल्या, तर बाबा म्हणाले, "नको. हाताची पाहिजे."

"आत्याला हात कशाला? तिचे गुडघे ठणठणीत आहेत."

"हात नसले तर ती पटकन उठते," बाबा म्हणाले.

मग शिसवी रंगाची एक हाताची खुर्ची त्यांना पसंत पडली. खोल बैठक, हातांची टोकं वापरून गुळगुळीत झालेली. पण उंच. बाबांनी चष्मेवाल्यांना विचारलं, पाय कापून मिळतील का. हिचे पाय टेकले की आणखी बोटभर कापा, बसणारी हिच्याहून थोडी बुटकी आहे.

चष्मेवाल्यांनी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं, "साहेब, पाय कापले की खुर्ची वाया. उद्या कोणी घेणार नाही. दुसऱ्या कोणाला बसताही येणार नाही नीट."

"विकायची नाहीये," बाबा म्हणाले. "आणि दुसऱ्या कोणी बसायचं नाहीये."

शेजारच्या सुताराने पाय कापले. बाबा तोवर त्याच्या डोक्यावर उभे होते आणि एक पाय जास्त गेला तर म्हणून त्याला चारदा मोजायला लावलं. सुतार माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचे वडील इंजिनिअर का?" मी म्हटलं, नाही, पाणीखात्यात होते.

तीन मजले हमाल चढवत होता, पण शेवटचा जिना बाबांनी खुर्चीची एक बाजू स्वतः धरली. त्यामुळे हमालाचं काम वाढलं. आत्याने दार उघडलं आणि पहिल्यांदा बाबांकडे बघितलं, मग खुर्चीकडे, मग माझ्याकडे. मी खांदे उडवले. हमालाने खुर्ची टेबलाशी ठेवली, बाबांच्या खुर्चीच्या शेजारी. बाकीच्या पाचांत ती चांगलीच बुटकी दिसत होती.

"ही अशी का आहे?" आत्या म्हणाली. तिने वाकून पायाचं टोक बघितलं, ताज्या लाकडाचा पांढरा रंग. "कोणी कापली?"

"मी कापून घेतली."

"अरे, चांगल्या खुर्चीचं वाटोळं केलंस. आता हिच्यावर कोण बसणार?"

"तू," बाबा म्हणाले.

ती उभीच राहिली. तिला समजायला वेळ लागला. मग तिने खुर्ची थोडी मागे ओढली आणि बसली, आधी कडेवर, मग सरकत सरकत पूर्ण आत, पाठ टेकून. पाय जमिनीवर सपाट टेकले. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवावेत की मांडीवर हे तिला ठरवता येईना. शेवटी एक इथे, एक तिथे ठेवला. बाबा त्यांच्या खुर्चीवर बसले. पहिल्यांदाच दोघं एका उंचीवर आले होते, त्यांची उंच आणि तिची बुटकी असूनही, कारण बाबा कोपरं गुडघ्यांवर टेकून पुढे वाकले होते.

"चौतीस वर्षं समोर बसून जेवलो मी, चिमे," ते म्हणाले. "दिसलं नाही मला."

 आत्या म्हणाली, "मला तरी कुठे दिसलं, दादा."

बाबांचे डोळे भरले होते आणि ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत आहे, बघण्यासारखं काही नाही. आत्याला ते बघवेना. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन ती उठायला लागली. "चहा ठेवते थोडा," ती म्हणाली.

"बस," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं.

मी उठले. साखरेचा डबा कुठे असतो हे मला तिला विचारावं लागलं. तिने बसल्या बसल्या सांगितलं.